एमईजी तपासणी : मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजून नेमके काय कळते?

कोलशेतकर (ठाणे) :

सर्वांना नमस्कार. माझा १४ वर्षांचा भाचा ऐरोलीला राहतो आणि गेली सहा वर्षे त्याला अपस्माराचे झटके येत आहेत. तीन वेगवेगळी औषधे पूर्ण मात्रेत देऊन झाली, तरी महिन्यातून चार-पाच वेळा तो बसल्या जागी थिजतो, उजवा हात वाकडा होतो आणि नंतर बराच वेळ त्याला धड बोलता येत नाही. एमआरआयमध्ये ठळक असे काही सापडलेले नाही. व्हिडिओ-ईईजीसाठी त्याला चार दिवस दाखल केले होते, त्यात झटके डाव्या बाजूने सुरू होत असावेत इतपत कळले, पण डाव्या बाजूला नेमके कुठून, हे सांगता आले नाही. शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी एमईजी, म्हणजे मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, करून घ्यावी आणि त्यासाठी बंगळुरूला निम्हान्समध्ये जावे, असे त्याच्या डॉक्टरांनी सुचवले आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून हा विषय समजून घेण्याचे काम घरच्यांनी माझ्याकडे सोपवले, आणि वाचू लागल्यापासून माझा गोंधळ वाढलाच आहे. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होते, इथपर्यंत दहावीचे पुस्तक पुरते. पण त्याच विजेची नोंद ईईजीने चार दिवस घेतली असताना तिच्या चुंबकीय क्षेत्रातून आणखी वेगळे काय हाती लागणार? दुसरे असे की, आमच्या प्रयोगशाळेतली चुंबकसूची शेजारचे लोखंडी कपाट सरकवले तरी हलते; मग ज्या शहरात दर चार मिनिटांनी लोकल धावते तिथे डोक्यातून येणारे एवढेसे क्षेत्र कोणी मोजायचे कसे? घोडबंदर रस्त्यावर एमआरआय केंद्रे जागोजागी निघाली आहेत, त्यांच्यासारखेच हे यंत्र कुठेही का बसवता येत नाही, हाही प्रश्न त्यातूनच आला.

माझ्या आईची शंका वेगळी आहे. नातवाच्या डोक्यावरून आता आणखी मोठा लोहचुंबक फिरवणार, अशी तिची समजूत झाली आहे आणि तिने त्याचा धसका घेतला आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

चुंबकसूची (नवीन पनवेल) :

सर, मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझी सगळी नोकरी भूचुंबकीय मापनाच्या उपकरणांत गेली आणि वैद्यकातले मला अधिकाराने बोलता येणार नाही.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. मेंदूचे डोक्याबाहेर मिळणारे क्षेत्र साधारण १०० फेम्टोटेस्लाच्या आसपास भरते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ पन्नास कोटी पट लहान. केवळ आकार लहान असता तरी काम भागले असते, कारण स्थिर क्षेत्र कितीही मोठे असले तरी ते वजा करता येते. खरा उपद्रव बदलत्या क्षेत्रांचा असतो. लिफ्ट वरखाली जाते, रस्त्यावरून ट्रक जातो, लोकलचा प्रवाह रुळांतून परत फिरतो, आणि घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. मेंदूचे बहुतेक संकेत सेकंदाला १ ते १०० आवर्तनांच्या पट्ट्यात असल्यामुळे ही वीज नेमकी त्यांच्यामध्येच येऊन बसते.

आपल्याच भागातला एक दाखला देतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी होत असत. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरल्यावर तिथले पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय कामासाठी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली, लोखंडाचा अंश टाळण्यासाठी पोरबंदरी दगड वापरून इमारत उभी केली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी जोडीने घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबवले. अलिबागची ती वेधशाळा आज आमच्या नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. आता गंमत पाहा : एवढा खटाटोप ज्यासाठी केला ते बदल काही दशक नॅनोटेस्लांचे होते, आणि मेंदूचे क्षेत्र त्यांच्याहूनही लाखो पटींनी लहान आहे. शिवाय रुग्णालय काही खाडीपलीकडे नेता येत नाही, त्यामुळे अलिबागची शांतता एका खोलीत आणावी लागते.

ती खोली म्हणजे म्यू-मेटल या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचे आणि ॲल्युमिनियमचे थर असलेली, काही टन वजनाची, जाड दाराची पेटी असते. म्यू-मेटल बाहेरच्या मंद बदलांना स्वतःतून वळवून नेतो, तर ॲल्युमिनियममध्ये उठणारे प्रवाह जलद बदलांना अडवतात. अमेरिकेतल्या डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अशाच एका खोलीत मेंदूचे चुंबकीय क्षेत्र प्रथम नोंदवले, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे दहा लाख वेढ्यांचे तांब्याचे वेटोळे होते. तरीही वेटोळ्याचा स्वतःचाच गोंगाट इतका होता की, सोबत घेतलेल्या ईईजीच्या आधाराने असंख्य तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढावी तेव्हा कुठे डोळे मिटल्यावर येणारी अल्फा लहर दिसली.

वेटोळे सुटले ते स्क्विडमुळे. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, विद्यार्थी असतानाच, दोन अतिसंवाहकांमधल्या, म्हणजे अतिशय थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांमधल्या, पातळ अडथळ्यातून प्रवाह कसा पार होईल याचे भाकीत केले, आणि त्याच गुणधर्मावर चालणारे अतिसंवाहक कडे १९६४ मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्या कड्यातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात अत्यल्प फरक पडला तरी कड्याचा विद्युतदाब बदलतो. हेच स्क्विड वापरून कोहेन यांनी १९७२ मध्ये एमआयटीत मेंदूची नोंद सरासरी न काढता घेतली. आजच्या यंत्रांत शिरस्त्राणासारख्या खळग्याभोवती असे तीनशेच्या आसपास संवेदक असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळून जोडलेली असतात. बाजारातल्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत पाऊस सारखाच पडला तर काटा हलत नाही, तसे दूरच्या लोकलचे क्षेत्र दोन्ही वेटोळ्यांत सारखे पडून आपोआप वजा होते. मेंदू मात्र एका वेटोळ्याला जवळ आणि दुसऱ्याला किंचित दूर असल्यामुळे त्याचा फरक उरतो. या युक्तीचे मला आजही कौतुक वाटते.

यातच तुमच्या घोडबंदर रस्त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. स्क्विड द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. आपल्याकडे हेलियम आयात होतो, आणि तो सतत उडत असल्यामुळे एक तर पुन्हा भरावा लागतो किंवा तो गोळा करून परत द्रव करणारी यंत्रणा जोडावी लागते. खोलीचा खर्च वेगळा, आणि एमआरआयच्या शेजारी हे यंत्र बसवणे म्हणजे नगाऱ्याशेजारी बसून सतारीचे सूर जुळवण्यासारखे आहे. पाठदुखीपासून डोकेदुखीपर्यंत सगळ्यांसाठी एमआरआय चालतो, एमईजीचे रुग्ण मात्र मोजकेच असतात, त्यामुळे खासगी केंद्राचा हिशेब जमत नाही. आपल्या देशात निम्हान्सखेरीज हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात, दिल्लीच्या एम्सच्या सहकार्याने, ही सोय आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने तर स्क्विड संवेदक स्वतः घडवून हृदयाचे आणि मेंदूचे क्षेत्र मोजण्याची यंत्रणा उभारली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते.

दहा-वीस (ठाणे) :

मी ठाण्यात ईईजी तंत्रज्ञ आहे आणि प्रशिक्षणाच्या काळात एमईजीच्या नोंदी जवळून पाहिल्या आहेत. चुंबकसूची काकांनी यंत्राची बाजू पूर्ण मांडली आहे, मी रुग्णाच्या बाजूने लिहिते.

आधी आजींसाठी. एमईजीचे यंत्र डोक्यात काहीही सोडत नाही. त्यात लोहचुंबक नाही, किरण नाहीत, इंजेक्शन नाही, एमआरआयचा ठोठो आवाजही नाही. एमआरआयमध्ये १.५ किंवा ३ टेस्लाच्या चुंबकात माणूस जातो आणि तो त्याचा झालेला आहे. इथे उलटे आहे, नातवाच्या डोक्यातून जे आपसूक बाहेर येते तेवढेच यंत्र ऐकत बसते. मेंदूला बाहेरून चुंबकीय ठोके देण्याची टीएमएस नावाची उपचारपद्धती निराळी आहे, आणि बहुधा दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे ही भीती पसरते. लहान मुलांबरोबर बहुतेक ठिकाणी एका नातेवाइकाला खोलीत बसू देतात.

आता सरांचा पहिला प्रश्न. मेंदूच्या पृष्ठभागात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पिरॅमिडच्या आकाराच्या चेतापेशी शेजारीशेजारी समांतर उभ्या असतात. एका पेशीचे क्षेत्र कोणालाच दिसणार नाही, पण हजारो पेशींना एकाच वेळी संदेश पोहोचला की त्यांच्यातले मंद प्रवाह एकाच दिशेने मिळतात आणि डोक्याबाहेर जाणवतात. हा प्रवाह ईईजीला गाठायचा तर मधली कवटी ओलांडावी लागते. कवटी विजेची अत्यंत वाईट वाहक असल्यामुळे संकेत दबतो आणि पसरतो, आणि ज्या ठिकाणी तो उमटला त्या ठिकाणची खूण पुसट होते. चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने हाड, त्वचा आणि हवा यांत जवळजवळ फरक नसतो, म्हणून ते फारसे न विसकटता बाहेर येते. वेळेच्या बाबतीत दोन्ही तपासण्या सारख्याच चपळ आहेत, हजारांश सेकंदाचा बदलही दोन्हींत टिपला जातो. जागेच्या बाबतीत मात्र एमईजीचे गणित अधिक नेमके बसते.

पण एमईजी श्रेष्ठ आणि ईईजी कनिष्ठ असे कोणी सांगितले तर ते मानू नका. जो प्रवाह कवटीला काटकोनात, सरळ बाहेरच्या दिशेने वाहतो त्याचे क्षेत्र डोक्याबाहेर जवळपास उमटतच नाही. त्यामुळे मेंदूच्या खाचांच्या भिंतींतले प्रवाह एमईजीला चांगले दिसतात आणि वळ्यांच्या माथ्यावरचे निसटतात, ते ईईजीला दिसतात. अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने घटते, म्हणून खोल भागातले, उदाहरणार्थ हिप्पोकॅम्पसमधले, संकेत पकडणे एमईजीला अवघड जाते. हे लक्षात घेऊनच बहुतेक केंद्रांत दोन्ही नोंदी एकाच वेळी घेतात. कॉर्टेक्सचा लहानसा तुकडा पेटला तरी, साधारणपणे तीन-चार चौरस सेंटिमीटरचा, एमईजीत टोकदार लहर दिसू शकते. ईईजीला त्याहून मोठा, सहा ते दहा चौरस सेंटिमीटरचा, भाग लागतो. तुमच्या भाच्याच्या ईईजीत बाजू कळली पण जागा कळली नाही, याचे हे एक कारण असू शकेल. तो अंदाज आहे, निदान नव्हे.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवलेली बरी. नोंद एखाद-दोन तासांची असते आणि तेवढ्यात प्रत्यक्ष झटका येण्याची शक्यता कमीच असते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदूत ज्या टोकदार लहरी अधूनमधून उठतात त्या पकडणे हा हेतू असतो, आणि झोपेत त्या जास्त उठतात म्हणून आदल्या रात्री जागरण करायला सांगतात. तासभरात एकही लहर उठली नाही तर तपासणीतून काहीच निष्पन्न होत नाही आणि प्रवास मात्र झालेला असतो. लहरींखेरीज आणखी एक काम त्याच बैठकीत होते. मनगटाच्या मज्जातंतूला हलका विद्युतठोका दिला की सुमारे २० हजारांश सेकंदात हाताच्या जागेचा प्रतिसाद दिसतो, आवाज ऐकवला की सुमारे १०० हजारांश सेकंदात श्रवणाच्या जागेचा, आणि शब्द ऐकवून भाषेची बाजूही अजमावता येते. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया असेल तर हा नकाशा झटक्याच्या जागेइतकाच मोलाचा ठरतो, कारण काय काढायचे याच्याबरोबर काय राखायचे हेही शल्यविशारदाला हवे असते.

कोलशेतकर :

दोघांचेही मनापासून आभार. आईला ताईंचा दुसरा परिच्छेद वाचून दाखवला, तिने तो दोनदा वाचायला लावला. आता एकच विचारतो : एमआरआयच्या चित्रावर एमईजीचे ठिपके दाखवलेली छायाचित्रे मी पाहिली. ते ठिपके जिथे दिसतील तिथेच शस्त्रक्रिया होते, असे समजायचे का?

रुबिडियम (कळवा) :

मी भौतिकशास्त्राचा संशोधक विद्यार्थी आहे. सर, तो ठिपका छायाचित्रासारखा थेट उमटलेला नसतो. बाहेरच्या तीनशे संवेदकांच्या आकड्यांवरून आतला प्रवाह कुठे असेल हे उलट गणित करून काढलेले असते, आणि या उलट गणिताला एकच एक उत्तर नाही, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवून दिले होते. (बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली तेच साल, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले.) आत प्रवाहाच्या निरनिराळ्या मांडण्या असल्या तरी बाहेरचे क्षेत्र तेच राहू शकते. म्हणून संगणकाला आधी काही गृहीत धरावे लागते : प्रवाह एकाच लहान जागी आहे, किंवा तो कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावरच पसरलेला आहे. गृहीतक बदलले की ठिपका सरकू शकतो. एकच ठिपका पाहून कोणी निर्णय घेत नाही. अनेक लहरींचे ठिपके एकाच ठिकाणी दाटीने आले तर भरवसा वाढतो, विखुरले तर कमी होतो.

आपल्याला घाई नसेल तर आणखी एक मुद्दा. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम आणि लंडनच्या संशोधकांनी डोक्यावर घालून हलता येईल अशी एमईजी टोपी दाखवली. तिच्यात स्क्विड नाहीत, हेलियम नाही. लहान काचपेटीत रुबिडियमची वाफ असते, लेसरने तिचे अणू एका दिशेला लावले की वाफ प्रकाशाला पारदर्शक होते, आणि चुंबकीय क्षेत्र किंचित बदलले की पार होणारा प्रकाश कमी होतो. स्क्विड थंड ठेवण्यासाठी जो निर्वात थर लागतो त्यामुळे ते डोक्यापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर राहतात. हे नवे संवेदक टाळूपासून काही मिलिमीटरवर बसतात, म्हणून संकेत मोठा मिळतो आणि लहान मुलाच्या डोक्यालाही टोपी नीट बसते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सुमारे ६,००० कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम संवेदनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आहे, त्यामुळे हे तंत्र आपल्या जवळपास येण्याची मला आशा आहे. थोडे थांबणे शक्य असेल तर विचार करावा.

दहा-वीस :

रुबिडियम, तुमच्या संशोधनाला शुभेच्छा, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. दोन योग्य औषधांनी झटके थांबले नाहीत की तो औषधांना दाद न देणारा अपस्मार मानतात, आणि इथे तर तीन औषधे झाली आहेत; पुढच्या औषधाने पूर्ण आराम पडण्याची शक्यता त्यानंतर खूपच कमी होते. चौदा वर्षांच्या मुलाची शाळेची वर्षे जात असताना नव्या टोपीची वाट पाहणे त्याला परवडणारे नाही. शिवाय ती टोपी जवळजवळ शून्य क्षेत्रातच काम करते, म्हणजे चुंबकरोधक खोली तिलाही लागतेच, हे तुम्ही लिहायचे राहिले.

सर, ठिपक्यांबद्दल त्यांनी लिहिले ते मात्र अगदी बरोबर आहे. निर्णय व्हिडिओ-ईईजी, एमआरआय, एमईजी आणि झटक्याची लक्षणे एकत्र ठेवूनच होतो. पुष्कळदा ठिपके पाहून जुन्या एमआरआयची ती विशिष्ट घडी पुन्हा निरखली जाते आणि आधी नजरेतून सुटलेला बारीक दोष तिथे सापडतो. कधी कवटीला छिद्रे पाडून आत बारीक तारा ठेवून नोंद घ्यावी लागते. त्या तारा कुठे ठेवायच्या हे ठरवायला एमईजी उपयोगी पडते.

जाण्यापूर्वी एक विचारायचे राहिले. त्याच्या अंगावर किंवा अंगात काही धातू आहे का?

कोलशेतकर :

दातांना तारा लावल्या आहेत, गेल्या वर्षीच. त्याही सांगायला हव्यात का?

दहा-वीस :

तेच सर्वांत आधी सांगायला हवे होते. श्वास घेताना, गिळताना त्या तारा किंचित हलतात आणि मेंदूच्या क्षेत्राच्या हजारो पट मोठी लहर उठवतात. ती वेगळी काढणाऱ्या गणिती पद्धती आहेत, पण त्यांच्या भरवशावर ठाण्याहून बंगळुरूला जाऊ नका. केंद्राला आधी फोन करून विचारा. तारा काढता येत असतील तर तपासणीपुरत्या काढून घ्या. एमआरआय पुन्हा करायचा असेल तर तो एमईजीच्या नंतर ठेवायला सांगा, कारण एमआरआयच्या चुंबकात दातांतला धातू चुंबकित होऊन बसतो. त्या दिवशी पट्ट्याचे बक्कल, चेनची पँट आणि त्याच्यासोबत खोलीत जो बसेल त्याच्याही अंगावरचे सगळे उतरवावे लागेल. त्याच्या आई बसणार असतील तर मंगळसूत्र, केसांच्या पिना, साडीची पिन, सगळे. जागरणासाठी किंवा कोणत्याही कारणासाठी औषधाचा डोस आपल्या मनाने चुकवू नका, तेही केंद्रालाच विचारा.

कोलशेतकर :

नौपाड्यातल्या त्याच्या दंतवैद्यांशी आत्ताच बोललो. तार शनिवारी काढून देतो म्हणाले. दातांवर चिकटवलेल्या खुंट्यांचे काय करायचे ते बंगळुरूहून कळल्यावर ठरवू. सोमवारी सकाळी तिथे फोन करतो आणि काय सांगतात ते इथेच लिहितो.